मोटारगाडीवरील लॅकर रंग व त्याची झळाळी

मोटारगाडीच्या पत्र्यावर देण्यात येणाऱ्या व मुख्यत्वे सेल्युलोज नायट्रेटापासून बनविलेल्या जलद सुकणाऱ्या रंगलेपास लॅकर म्हणतात. १९२४ पासून सुमारे १९६० पर्यंत जगातील फार मोठ्या संख्येच्या गाड्या या रंगाने रंगविल्या गेल्या. त्यानंतर त्याची जागा ॲक्रिलिक लॅकरने व पुढे निराळ्याच रंगपद्धतींनी घेतली. त्या काळातील ज्या गाड्या आज जतन केल्या जातात, त्यांपैकी मोजक्याच गाड्यांवर कारखान्यात दिलेला मूळ रंग टिकून आहे आणि तोही बहुधा निस्तेज, खडू फासल्यासारखा पांढुरका झालेला आढळतो. त्याला पूर्वीची झळाळी आणणे हे वरवर पाहता साफसफाईचे काम वाटते. वस्तुतः लॅकरची झळाळी ही मुळातच घासून निर्माण केलेली असते आणि ती पुन्हा आणताना रंगाच्या थराचा काही अंश कायमचा खर्ची पडतो. हा थर केसाच्या जाडीएवढाच असल्यामुळे किती घासावे आणि कोठे थांबावे, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

‘लॅकर’ हा शब्द लाखेवरून आलेला आहे. संस्कृत ‘लाक्षा’, त्यापासून भारतीय भाषांतील ‘लाख’ आणि अरबी-फार्सी व पोर्तुगीज यांच्या मार्गाने यूरोपीय भाषांत गेलेले त्याचे रूप, असा त्याचा प्रवास आहे. मोटारगाडीच्या लॅकरमध्ये मात्र लाख नसते. तरीही दोहोंत एक साम्य आहे. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती मऊ होऊन लाकडावर पसरते. मोटारीचे लॅकरही उष्णतेने मऊ पडते. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागीर लाखकाम केलेल्या खेळण्यांना केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. झळाळी घासण्यातून येते, हे तत्त्वही अशा रीतीने जुनेच आहे.

*पूर्वपीठिका* : प्रारंभीच्या मोटारगाड्या घोडागाड्यांप्रमाणेच रंगवीत असत. जवसाच्या तेलात खललेले रंग व त्यांवर वॉर्निश यांचे अनेक हात कुंचल्याने देत. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून सुकते आणि ही क्रिया मंद असल्यामुळे प्रत्येक हातानंतर काही दिवस थांबून, घासकाम करून मगच पुढचा हात देता येई. एक गाडी रंगवून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकता जुळणीपट्टा सुरू झाल्यावर गाडीची जुळणी तासांत होऊ लागली. रंग मात्र मागे पडला. फोर्ड यांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे नैसर्गिक डामरयुक्त काळे वॉर्निश भट्टीत भाजून सुकविणे हा होय. १९१४ ते १९२५ या काळात ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात मिळे, त्यामागे काटकसर व सुकण्याची सोय हीच कारणे होती. डामर स्वतःच काळे असल्यामुळे या पद्धतीने फिका वा उजळ रंग देणे शक्य नव्हते. उंची गाड्यांचे रंगीत वॉर्निशही फार टिकत नसे. उन्हापावसात ते लवकर पिवळे पडे व त्याचे पोपडे निघत.

*सेल्युलोज नायट्रेट* : जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान फ्रीड्रिख शनबाइन यांनी १८४६ च्या सुमारास कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक अम्लांची विक्रिया करून ‘गन-कॉटन’ हे स्फोटक तयार केले. नायट्रोजनाचे प्रमाण त्याहून कमी ठेवले, तर हेच संयुग काही विद्रावकांत विरघळते आणि विद्रावक उडून गेल्यावर पारदर्शक, चिवट पटल मागे ठेवते. छायाचित्रणातील कलोडियन, सेल्युलॉइड व चित्रपटाची जुनी फीत ही सर्व याच घराण्यातील. रंग म्हणून त्याचा वापर करण्यात एक मोठी अडचण होती. त्याचा विद्राव इतका घट्ट होई की, फवारण्याजोगा पातळ करण्यासाठी विद्रावक फार घालावा लागे. साहजिकच एका हातात पत्र्यावर पडणारा घन पदार्थ नगण्य असे.

पहिल्या महायुद्धात धूरविरहित दारू पुरविणाऱ्या अमेरिकेतील द्यु पाँ कंपनीजवळ युद्धानंतर सेल्युलोज नायट्रेट बनविण्याची प्रचंड यंत्रसामग्री पडून होती. न्यू जर्सी राज्यातील पार्लिन येथील तिच्या प्रयोगशाळेत चित्रपट-फितीवर निर्माण होणाऱ्या स्थिर विद्युतासंबंधी प्रयोग चालू होते. १९२० च्या जुलै महिन्यात सोडियम ॲसिटेट मिसळलेला विद्राव काही दिवस उन्हाळ्याच्या उष्म्यात तसाच राहिला आणि तो घट्ट न राहता पाकासारखा पातळ झालेला आढळला. एडमंड फ्लॅहर्टी व त्यांचे सहकारी यांनी या घटनेचे महत्त्व ओळखले. श्यानता कमी झाल्यामुळे आता एकाच हातात पुरेसा रंगद्रव्ययुक्त थर देणे शक्य झाले. १९२३ मध्ये हा रंग ‘ड्यूको’ या नावाने बाजारात आला.

त्याच्या यशात आणखी एका उपपदार्थाचा वाटा आहे. खाइम वाइझमान यांच्या किण्वन पद्धतीने युद्धकाळात दारूगोळ्यासाठी ॲसिटोन बनवीत असताना त्याहून अधिक ब्यूटेनॉल तयार होई व त्याला गिऱ्हाईक नसे. त्यापासून मिळणारे ब्यूटिल ॲसिटेट हे लॅकरसाठी उत्तम विद्रावक ठरले. युद्धासाठी उभारलेल्या दोन स्वतंत्र उद्योगांच्या अवशेषांतून शांतताकाळातील रंगीत मोटारगाडी जन्मास आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

*प्रसार* : जनरल मोटर्स या कंपनीच्या ओकलंड गाडीच्या १९२४ सालच्या नमुन्यावर ड्यूकोचा निळा रंग प्रथम देण्यात आला आणि तिची ‘ट्रू ब्लू’ म्हणून जाहिरात झाली. रंगकामाचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. उजळ रंगांच्या गाड्या सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आल्या. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या नेतृत्वाखाली या कंपनीने रूप व रंग यांसाठी स्वतंत्र विभागच काढला. द्यु पाँकडे जनरल मोटर्सचे सुमारे २३ टक्के भाग होते आणि रंग व कापड यांची विक्री या मालकीमुळे सुकर झाली, असा आक्षेप पुढे न्यायालयात गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये द्यु पाँविरुद्ध निर्णय दिला. गाडीच्या रंगावरून मक्तेदारीविषयक कायद्यातील एक महत्त्वाचा निर्णय लागावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

लॅकर फवाऱ्याने द्यावा लागतो व फवारलेला लॅकर सुकल्यावर चमकत नाही. विद्रावक झपाट्याने उडून गेल्यामुळे पृष्ठभाग सपाट होण्यास अवधी मिळत नाही आणि तो संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत राहतो. म्हणून कारखान्यातच त्याला पाण्याने भिजविलेल्या घासकागदाने घासून, नंतर बारीक अपघर्षक लुकणाने व शेवटी मऊ कापडाने चकाकी आणीत. भिजवून वापरण्याचा घासकागद १९२१ मध्ये थ्री-एम कंपनीने बाजारात आणला होता. शिसेयुक्त रंगांची विषारी धूळ हवेत उडू नये, हा त्याचा मोठा लाभ होता. हाच कागद रंगशाळांतून तपासून घेण्यास जाणाऱ्या रिचर्ड ड्र्यू या तरुण साहाय्यकाने दुरंगी गाड्या रंगविताना कारागिरांची होणारी त्रेधा पाहिली. ताज्या रंगाला न उखडणारी चिकटपट्टी त्याने १९२५ मध्ये तयार केली. आज घरोघरी असलेल्या चिकटपट्टीचे मूळ असे लॅकरच्या इतिहासात आहे.

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना सुरू केला; तो १९५४ मध्ये बंद झाला. शेव्हरोले व अन्य गाड्यांबरोबर ड्यूकोचे नावही येथे रुळले. व्यापारी नाव सामान्यनाम होऊन बसण्याचे हे चांगले उदाहरण असून लाकडी कपाटाला फवाऱ्याने दिलेल्या तकतकीत रंगालाही आपल्याकडे आजतागायत ‘ड्यूको’ म्हणतात. मुंबईच्या दमट हवेत मात्र हा रंग कारागिरांची परीक्षा पाही. विद्रावक वेगाने उडताना पत्रा थंड पडतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि पाण्यामुळे सेल्युलोज नायट्रेट विद्रावातून बाहेर पडून रंगावर पांढरी साय येते. पावसाळ्यात सावकाश उडणारा विद्रावक मिसळून किंवा काम कोरड्या दिवसापर्यंत पुढे ढकलून यातून मार्ग काढीत.

*लॅकर निस्तेज का होतो* : लॅकरमध्ये सेल्युलोज नायट्रेट, त्याला चमक व चिकटपणा देणारे राळ, ठिसूळपणा घालविणारे एरंडेलासारखे आकार्यकारी द्रव्य आणि रंगद्रव्य हे मुख्य घटक असतात. तो केवळ विद्रावकाच्या बाष्पीभवनाने सुकतो. त्याच्या रेणूंची एकमेकांशी रासायनिक गुंफण होत नाही. म्हणून कितीही वर्षांनी त्यावर थिनर टाकला, तरी तो पुन्हा विरघळतो. याच गुणामुळे नवा हात जुन्या हाताशी एकजीव होतो, आणि याच गुणामुळे पेट्रोलचा वा थिनरचा ओघळ त्याला कायमचा डाग पाडू शकतो.

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी सेल्युलोज नायट्रेटाचे विघटन होते. त्यातून बाहेर पडणारी नायट्रोजनाची ऑक्साइडे ओलाव्याशी मिळून अम्ल बनतात व ते विघटन आणखी वाढविते. आकार्यकारी द्रव्य हळूहळू निघून जाते, पटल आकुंचन पावते व ठिसूळ होते. पृष्ठभागावरील बंधक झिजल्यामुळे रंगद्रव्याचे कण उघडे पडतात व त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. बंधकाचा प्रणमनांक सुमारे १.५ तर हवेचा १ असल्यामुळे अशा पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. लाल गाडी गुलाबी आणि काळी गाडी राखी दिसू लागते, ती यामुळेच. रंग नाहीसा झालेला नसतो. पांढुरक्या थराखाली तो शाबूत असतो. हा फरक ध्यानात न आल्याने कित्येक चांगल्या गाड्यांचा मूळ रंग खरवडून टाकला गेला आहे.

*झळाळी आणण्याची पद्धत* : प्रथम रंग लॅकरच आहे, याची खात्री करतात. दरवाज्याच्या आतील कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी थिनरमध्ये बुडविलेला कापसाचा बोळा टेकवला असता लॅकर विरघळून बोळ्यावर उतरतो. भट्टीत पक्का केलेला इनॅमल किंवा आधुनिक द्विघटकी रंग सहसा तसा उतरत नाही. नंतर चुंबकी मापकाने थराची जाडी ठिकठिकाणी मोजतात. ॲल्युमिनियमाच्या पत्र्यासाठी आवर्त प्रवाहावर चालणारा मापक लागतो. कारखान्यात दिलेला लॅकर साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिमी. जाड असतो आणि पत्र्याच्या कडा व उठावाच्या रेषा यांवर तो याहून पातळ असतो. पूर्वीच्या मालकांनी वा चालकांनी वर्षानुवर्षे केलेल्या पॉलिशमुळे त्यातलाही बराच भाग गेलेला असतो. मापन न करता घासकाम हाती घेणे म्हणजे खात्यावरची शिल्लक न पाहता धनादेश लिहिणे होय.

गाडी सौम्य साबणाने धुऊन कोरडी केल्यानंतर घासण्यापूर्वी तेल देण्याची एक जुनी व सुरक्षित रीत आहे. अपघर्षक नसलेले, तेलाचा अंश भरपूर असलेले पॉलिश जाड सुती कापडाने सढळ हाताने चोळतात व ते रात्रभर तसेच राहू देतात. दुसऱ्या दिवशी पुसताना कापडावर गाडीचा रंग उतरतो. उतरणारा भाग म्हणजे निर्जीव झालेले रंगद्रव्य असते. ही क्रिया दोन-तीन वेळा केल्यावर रंगाची खोली एकदम वाढलेली दिसते. या रीतीला कारागीर रंगाचे ‘पोषण’ म्हणतात. हा शब्द शास्त्रीय नव्हे, कारण रंगाचे पटल काही सजीव कातडे नाही. परिणाम मात्र खरा असून तो बहुतांशी प्रकाशीय आहे. सूक्ष्म पोकळ्यांतील हवेची जागा सुमारे १.४७ प्रणमनांकाचे तेल घेते, त्यामुळे प्रकाश विखुरणे थांबते व खालचा रंग दिसू लागतो. ओल्या दगडाचा रंग गडद दिसतो, त्यातलाच हा प्रकार. तेल कालांतराने निघून जाते व क्रिया पुन्हा करावी लागते. परंतु तिच्यात रंगाचा सर्वांत कमी भाग खर्ची पडतो, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

एवढ्याने भागले नाही तरच अपघर्षकाकडे वळतात. पूर्वी प्यूमिस व ट्रिपोली यांची भुकटी वापरीत. हल्ली अतिसूक्ष्म ॲल्युमिनियम ऑक्साइड असलेली लुकणे वापरतात. उठावाच्या कडांवर आधी चिकटपट्टी लावून घेतात, कारण अस्तर उघडे पडते ते प्रथम तेथेच. वेगाने फिरणाऱ्या यंत्राच्या चकतीने उष्णता निर्माण होऊन लॅकर मऊ पडतो व क्षणार्धात ओढला जातो. म्हणून नवशिक्याने हातानेच घासावे, हा जुन्या कारागिरांचा सल्ला रास्त आहे. घासकागद अगदी शेवटचा उपाय होय. पिवळ्या व नारिंगी छटांच्या जुन्या रंगांत शिशाचे क्रोमेट असण्याचा संभव असल्यामुळे कोरडे घासकाम कटाक्षाने टाळतात. शेवटी ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या कार्नौबा मेणाचा पातळ हात देतात. सुमारे ८२ ते ८६° से. तापमानास वितळणारे हे कठीण मेण पाण्याला अटकाव करते व गरज पडल्यास काढूनही टाकता येते. सिलिकोनयुक्त पॉलिशे तत्काळ चमक देतात, परंतु त्यांचा अंश मागे राहिला तर पुढे त्या जागी फवारलेला रंग माशाच्या डोळ्यासारख्या खळग्यांनी फाटतो.

काही दोषांवर घासण्याचा इलाज चालत नाही. लॅकरला आरपार तडे गेले असतील तर पॉलिशने ते भरत नाहीत, उलट लुकणाची पांढरी भुकटी त्यांत अडकून ते अधिक ठळक होतात. धातूचे चूर्ण मिसळलेल्या रंगांतही फार घासता येत नाही. ॲल्युमिनियमाचे पापुद्रे उघडे पडून डाग काळवंडतात. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सने स्वीकारलेला ॲक्रिलिक लॅकर मात्र अधिक टिकाऊ होता. तो भट्टीत भाजत, घासत व पुन्हा भाजत. दुसऱ्या उष्णतेने घासण्याचे ओरखडे वितळून पृष्ठभाग आपोआप सपाट होई. हाताने चकाकी आणण्याची कला कारखान्यातून येथेच हद्दपार झाली. पुढे रंगाच्या थरावर स्वतंत्र पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली. हवेत विद्रावक सोडणाऱ्या रंगांवर निर्बंध आल्यामुळे लॅकर कारखान्यांतून पूर्णपणे गेला. यूरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशात तर ऐतिहासिक मोल असलेल्या जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी असे रंग मर्यादित प्रमाणात विकण्यास खास परवाना देण्याची तरतूद करावी लागली.

*जतन की नवे रंगकाम* : जुनी गाडी म्हणजे आरशासारखी चकचकीत गाडी, हा समज प्रदर्शनांतील स्पर्धांनी दीर्घकाळ पोसला. कारखान्यातून बाहेर पडताना कधीही नसलेली चमक आधुनिक रंगाने आणून तिलाच ‘मूळ स्थिती’ म्हटले जाई. २१ व्या शतकाच्या प्रारंभापासून मोठ्या प्रदर्शनांत दुरुस्त न केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट ठेवण्याची प्रथा वाढली आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तूरिन सनद तयार केली (२०१२–१३). तीत जतन, संवर्धन व पुनःस्थापन यांत भेद केला असून काळाने वाहनावर उमटविलेल्या खुणांनाही पुराव्याचे मोल दिले आहे. मूळ लॅकरचा थर हा असाच पुरावा होय. रंगछटा, थरांची संख्या, घासण्याच्या खुणा, एवढेच नव्हे तर दरवाज्याच्या मुठीभोवती झिजलेला भाग ही सर्व त्या काळातील कारखान्याची व गाडी वापरणाऱ्यांची नोंद असते. नव्या रंगकामात ती पुसली जाते आणि कितीही खर्च केला तरी परत मिळत नाही.

तथापि याचा अर्थ निस्तेज गाडी तशीच ठेवावी असा नव्हे. ज्याला हात लावायचा नाही असा रंग उन्हात उभा ठेवला, तर तोही नष्ट होतोच. तेल, मेण व सावली हे जतनाचेच उपाय आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते थराची जाडी पुरेशी असेपर्यंत तेल व सौम्य पॉलिश यांवर थांबणे आणि ‘आरसा’ मिळविण्यासाठी शेवटचे काही मायक्रॉन न खर्चणे हाच विवेकाचा मार्ग आहे.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. प्रखर ऊन, दमट किनारी हवा आणि दर काही वर्षांनी गाडी नव्याने रंगवून घेण्याची पद्धत यांमुळे कारखान्यातील मूळ रंग टिकलेल्या गाड्या येथे दुर्मिळ आहेत. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. सांगाडा, कवच व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, यावर त्यांत भर आहे. रंगाची पारख मात्र गाडीच्या मालकावर व रंगशाळेवरच सोपविलेली राहते. म्हणून जेथे पूर्ण रंगकाम अटळ असेल, तेथे डिकीच्या झाकणाखाली किंवा डॅशबोर्डमागे जुन्या लॅकरचा निदान तळहाताएवढा तुकडा अस्पर्श ठेवून तेथील जाडी व छटा यांची नोंद गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवणे इष्ट असते. पुढे छटेविषयी वाद निर्माण झाल्यास रंगाच्या पत्रकापेक्षा असा तुकडा अधिक विश्वसनीय ठरतो. पत्रकावरील छापील छटा स्वतःच फिकी पडलेली असण्याचा संभव असतो.